हरणाऱ्या टीमची दहीसाखर

आमच्या यांना दोन व्यसनं होती, तंबाखू आणि विद्यापीठ. तंबाखू मी सोडवली. विद्यापीठ शेवटपर्यंत सुटलं नाही.

विद्यापीठ म्हणजे शिक्षण नव्हे. शिकले ते हिंगोलीच्या कॉलेजात एक वर्ष, आणि त्यातही दोन विषय राहिले. पण त्या वर्षी खो-खोच्या निवडीसाठी त्यांना विद्यापीठाच्या मैदानावर नेलं होतं. तिथं ते खेळले नाहीत. राखीव म्हणून दिवसभर चुन्याच्या रेघेबाहेर बसले आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आले. एवढ्या भांडवलावर ते जन्मभर 'आपलं विद्यापीठ' म्हणत राहिले.

कनेरगाव नाक्यावर आमचा ढाबा आहे. हिंगोलीकडून वाशीम, अकोला, अमरावतीकडं जाणाऱ्या गाड्या आमच्या दारावरून जातात, त्यात विद्यापीठाच्या टीमांचीही गाडी. पोरांची कबड्डी असो की पोरींचा खो-खो, विदर्भात स्पर्धा असली की गाडी जाताना आमच्याकडं जेवायची आणि येतानाही जेवायची. जाताना पोरं गाणी म्हणत उतरायची, येताना गुपचूप. आमचं विद्यापीठ लहान, पोरं शेतातून आलेली. पुण्या-मुंबईकडच्या टीमांपुढं आमची टीम म्हणजे लिंबूटिंबू. कधी पहिल्या फेरीत हरायची, कधी दुसऱ्या. खो-खोत तर बऱ्याचदा एका डावानं हरायची, म्हणजे समोरच्यांना दुसऱ्यांदा पाठलाग करायचीसुद्धा गरज पडायची नाही.

यांच्याकडं प्रत्येक हरण्याचं कारण तयार असायचं. "मॅटवर खेळवलं हो. आपल्या पोरी मातीतल्या, मॅटवर पाय सरकतो." नाहीतर "पंच तिकडचा होता." मी म्हणायचे, अहो, एकदा तरी जिंकून दाखवा म्हणावं त्यांना. त्यावर ते माझ्याकडं असं बघायचे, जणू मी त्यांच्या आईला नावं ठेवली. टीमच्या सरांनी त्यांना कधीतरी एक जुना ट्रॅकसूटचा कोट दिला होता. पाठीवरची अक्षरं निम्मी उडालेली. तो घालून ते भाच्याच्या साखरपुड्याला आले होते, आणि मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

टीमची गाडी येणार असली की पंख्याखालची टेबलं रिकामी ठेवायची. ट्रकवाले बसलेले असले तर हे त्यांना हात जोडून उठवायचे. "विद्यापीठाची टीम येऊन राहिली." ट्रकवाले बिचारे कुणी मंत्री येतोय असं समजून उठायचे. ऐन दुपारच्या गर्दीत पंधरा पोरी आणि दोन सर. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. भाकऱ्या थापताना मी हे मोठ्यानं म्हणायचे, त्यांना ऐकू जावं म्हणूनच.

एक रीत मात्र त्यांनी कधी चुकू दिली नाही. परीक्षेला किंवा मोठ्या कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर घरातलं कुणी दहीसाखर ठेवतं, तशी ते सगळ्या खेळाडूंच्या हातावर ठेवायचे. त्यासाठी आदल्या दिवशी स्वतः विरजण लावायचे. निघायच्या वेळी गाडीच्या दाराशी वाटी घेऊन उभे राहायचे. एकेक पोरगी हात पुढं करायची, हे चमचाभर दही ठेवायचे आणि म्हणायचे, "जाय लेकरा, खांब सोडू नको." कबड्डीच्या पोरांना म्हणायचे, "पाय मागं घेऊ नको." पोरं दही चाटून वर चढायची. चार दिवसांनी हरून यायची. हे काही विचारायचे नाहीत, गरम वाढायचे.

गेल्या वर्षी सोयाबीनच्या गाड्या रस्त्यानं चालू होत्या, तेव्हा हे खुर्चीत बसल्याबसल्या गेले. चहा मागितला होता. मी कप घेऊन आले तर मान एका बाजूला. कप बराच वेळ माझ्या हातातच राहिला.

लोक विचारत, रडली का? बायका आपसात बोलत, अजून रडली नाही, बरं नाही हे. मला रडू येत नव्हतं. दाढ काढायच्या आधी सुई देतात, तेव्हा गाल आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. दहाव्याला बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं. असलं काही करायचं नाही असा कुठल्याशा गावानं ठराव केल्याचं मी पेपरात वाचलं होतं. पण ठराव ग्रामपंचायतीत असतो आणि कपाळ घरात. पुसणाऱ्या बायका माझ्याच होत्या, नात्यातल्या, आणि रडतही होत्या. मी त्यांना पाणी दिलं. तेरवी झाली, लेक डोंगरकड्याला तिच्या सासरी परत गेली, जाताना म्हणाली, चल माझ्याकडं. मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी ढाबा उघडला. घरी मी आणि सासू.

थंडी पडल्यावर सरांचा फोन आला. "वहिनी, पोरींची टीम परवा अमरावतीला निघाली. थांबावं का, का आमी पुढं वाशीमला जेवू?"

"थांबा," मी म्हटलं. "जेवण होईल."

आदल्या संध्याकाळी मी विरजण लावलं. का लावलं, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. टीम येणार म्हणजे दही लागणार, एवढंच हाताला माहीत होतं. पण विरजणाला पुढं कुणीतरी वाढणारं लागतं, हे सकाळी घट्ट दही बघितल्यावर लक्षात आलं.

पोरी उतरल्या, जेवल्या. कॅप्टन पोरगी पुसेगावच्या पुढच्या तांड्यावरची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. टीममधलं तिचं हे तिसरं वर्ष आणि शेवटचंही. या स्पर्धेत पहिल्या चारांत आलं की देशभरातल्या विद्यापीठांच्या स्पर्धेला जायला मिळतं. आमचं विद्यापीठ तिथं कधी पोचलं नव्हतं. यांनी मात्र बॅनर रस्त्याच्या कोणत्या बाजूला लावायचा हे ठरवून ठेवलं होतं. बाजारात तुरी, तशातली गत.

निघायची वेळ झाली. वाटी आणि साखर टेबलावर होती. सरांनी वाटीकडं पाहिलं, माझ्या कपाळाकडं पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, यंदा राहू द्या." माणूस चांगला. त्यांनी माझ्या भल्यासाठीच म्हटलं. तेवढ्यात कॅप्टन पोरगी हात पुसत आली आणि तळहात पुढं करून उभी राहिली.

"काकू, दही."

"माझ्या हातचं न्हाई चालत बाई."

"काहून?"

या 'काहून'ला काय सांगणार? जे सगळ्यांना माहीत असतं ते कुणी कधी बोलून दाखवलेलं नसतं, त्यामुळं त्याला शब्दच नसतात. माझ्या डोक्यात एकच होतं. हिचं हे शेवटचं वर्ष. माझ्या हातचं खाऊन गेली आणि हरली, तर गाव म्हणेल, आणि गावाच्या आधी मी म्हणेन. म्हणून मी मधला मार्ग काढला. वाटीत चमचा ठेवला आणि म्हटलं, "तुमचं तुमी घ्या लेकरांनो." पोरींनी एकेक चमचा आपापल्या हातावर घेतला. कॅप्टननं घेतलं नाही.

"कुणीतरी द्यायला पायजे, काकू," ती म्हणाली. "आपलं आपण घेतलं तर तो नाश्ता झाला."

आणि तशीच गाडीकडं निघाली. मी आत निघून गेले.

आत चुलीमागं, पत्र्याच्या भिंतीला लागून, सासू पाटावर बसलेली होती. तिनं सरकून मला जागा केली. "बस इथं," म्हणाली. "इथून गाडी दिसते." पत्र्याला दोन बोटं रुंद फट होती. सासू फटीला डोळा लावून म्हणाली, "कॅप्टन दही न घेता चढली. अन् ती तीन नंबरची यंदा डाव्या पायावर जोर देऊन न्हाई राहिली, बघ."

हे सातवीत असताना सासरे गेले होते. म्हणजे सासूला त्या पाटाची सवय किती वर्षांची, ते मोजायची गरज नव्हती. पोरी निघाल्या की "आत्याबाई, जरा आत बसा" असं तिला कोण सांगायचं? मीच. दर खेपेला. भांडण म्हणून नाही, दुष्टपणानं नाही. ताटाखालचं पाणी पुसावं तितक्या सहज. ती उठून आत जायची. तिला टीममधल्या पोरींचे नंबर, कुणाचा पाय दुखतो, कोण नवीन आली, सगळं माहीत होतं. एवढी वर्षं या घरात यांच्यासारखंच वेड असलेलं आणखी एक माणूस होतं, आणि ते फटीतून बघत होतं.

इथं मला लाज वाटली असं लिहायला पाहिजे. त्या दिवशी वाटली नाही. मला काहीच वाटत नव्हतं. मी तिच्या शेजारी बसून राहिले आणि गाडी गेली.

सामने मोबाइलवर लाइव्ह दाखवत होते. यांच्या फोनवर ते आपोआप वाजायला लागलं. मी जन्मात खो-खोची एक मॅच पूर्ण बघितली नव्हती. आम्ही दोघी फोन पिठाच्या डब्याला टेकवून बसलो. सासू मला सांगत होती, पळणारी जोडीनं कशी खेळते, खो देताना हात कुठं लागायला पाहिजे, मध्येच उलटं फिरलं तर दंड कसा. हे तिला कुणी शिकवलं म्हणून मी विचारलं. "माझं पोरगं रोज बोलायचं की," ती म्हणाली. माझ्याशीही रोज बोलायचे. मी ऐकलं नव्हतं.

पहिला सामना आमच्या पोरींनी जिंकला. दुसराही जिंकला. गिऱ्हाईक बाहेरून हाका मारत होतं. तिसऱ्या दिवशीचा सामना जिंकला असता तर पहिल्या चारांत आल्या असत्या. शेवटचा डाव. समोरच्यांची शेवटची पोरगी खेळत होती, तिला बाद केलं की बरोबरी. कॅप्टननं खो घेतला आणि ती सुटली. पळणारी खांबाकडं गेली, हिनं खांब धरून सूर मारला, अंग सगळं हवेत, हात लांब. बोटं आणि पाठ यांच्यामध्ये अंतर राहिलं. शिट्टी झाली. एका गुणानं हरल्या. तव्यावरची भाकरी करपली होती, ती मी काढून कुत्र्याला टाकली.

आता जे लिहिते ते लिहायला सोपं नाही. शिट्टी झाली त्या क्षणी माझ्या आत काहीतरी हललं. दोन-अडीच महिन्यांत पहिल्यांदा. ते दुःख नव्हतं. ती सुटका होती. बरं झालं मी दही दिलं नाही, आता माझ्या हाताला कुणी बोल लावणार नाही. नवरा गेल्यावर मला पहिली भावना आली ती ही. तिच्याबद्दल मला आजही स्वतःचा राग येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. हे असते तर काय केलं असतं ते मला ठाऊक होतं, म्हणून मी काही विचारलं नाही, गरम वाढलं. पिठलं, भाकरी, गुळाचा शिरा. कॅप्टननं दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

"काकू, मी तशीच गेलते," ती म्हणाली. "दही न खाता. म्हणून खांबावरचा सूर हुकला."

मी वाढता वाढता थांबले. काल ज्या गोष्टीनं मी सुटले होते, त्याच गोष्टीनं हे पोर स्वतःला बांधून घेत होतं. दिलं असतं तर दोष माझ्या हाताचा, दिलं नाही तर तिच्या हट्टाचा. सर पाणी पीत होते, ते पीतच राहिले. तेवढ्यात पत्र्यामागून सासूचा आवाज आला, चांगला खणखणीत.

"माझ्या लेकाच्या हातचं खाऊन कोणत्या साली जिंकलता गं तुमी?"

मग तीन नंबरची पोरगी फिसकन हसली. मग दुसरी. सरांना ठसका लागला. कॅप्टन हसली नाही, पण ताट परत ओढून घेतलं आणि शिरा संपवला. दर साल त्या दही खाऊन गेल्या होत्या, भल्या माणसाच्या हातचं, आणि दर साल हरून आल्या होत्या. हिशेब इतका सरळ होता आणि तो घरात एकाच माणसानं मांडला होता, तोही आत बसून. यांना स्वतःलाही हा हिशेब ठाऊक असणार. जिंकण्यासाठी देत असते तर त्यांनी दही केव्हाच बंद केलं असतं.

जाताना कॅप्टन म्हणाली, आता खेळ संपला, पोलीस भरतीचं ग्राउंड आहे उन्हाळ्यात, तेव्हा येईन. "तवा द्याल?"

मी "ये" म्हटलं. म्हणायला काय जातं.

ती खरंच आली. उन्हाळ्यात, काळीपिवळी जीपमधून उतरून, एकटी. मी दही लावलेलं नव्हतं. शेजारच्या दूधवाल्याकडून मागवलं. तिच्या हातावर चमचा ठेवताना माझ्या मनात भक्तिभाव वगैरे काही नव्हता. भीती होती. साधी भीती, की हिचं नुकसान होईल. यांच्यासारखं काही म्हणावं म्हणून तोंड उघडलं, पण पोलिसाच्या भरतीला कुठला खांब? "नीट पळ," एवढंच म्हटलं. ती गेली.

गोळाफेकीत कमी पडली. नाव लागलं नाही. हे मला तिनं नाही सांगितलं, सरांकडून कळलं. पुढच्या वर्षीची टीम कोणती, कॅप्टन कोण, हे विचारायला मीच त्यांना फोन केला होता. फोन ठेवला आणि मी हात धुतले. धुतलेलेच होते, तरी धुतले. सासूला सांगितलं नाही. तिला ते माझ्या तोंडावरून कळलं असावं, कारण त्या दिवशी तिनं भाकऱ्या थापायला मला बसू दिलं नाही, स्वतः बसली.

दोन-तीन महिन्यांनी ती पोरगी पुन्हा दारात उभी. काळी पडलेली, वाळलेली, पायात बूट. वनरक्षकाच्या जागा निघाल्या आहेत, धावणी परवा आहे. नेहमीसारखा हात पुढं.

मी म्हटलं, "अगं, माझ्या हातचं घेऊन एकदा पडलीस ना? आता आणखी कशाला?"

"काकू, आमी विद्यापीठाकडून खेळलेल्या पोरी हाव," ती म्हणाली. "पडायचं तर आमाला काही वाटत न्हाई. पण जाताना कुणी हातावर दही ठेवलं न्हाई, तर येताना कुठं थांबावं ते समजत न्हाई."

मला रडू आलं असतं तर चांगलं दिसलं असतं. आलं नाही. पण चमचा कलला आणि निम्मं दही तिच्या मनगटावर सांडलं. ते तिनं चाटून घेतलं. सासू आता बाहेरच बसते, दाराजवळच्या बाकावर, शेंगा फोडत. पोरगी वळली आणि तोच तळहात पुसून तिच्यापुढं धरून उभी राहिली. सासूनं मान वळवून आपल्या मागं पाहिलं, पोरगी कुणापुढं हात करून राहिली ते बघायला.